शेवटचं अक्षर खाणारा पामटॉप

सुनंदा स्वयंपाकघरात आहे तोवर सांगून टाकतो. ती बाहेर आली की हा किस्सा ती सांगायला घेते, आणि तिच्या तोंडून ऐकलात तर मी अगदीच बावळट वाटतो. माझ्या तोंडून ऐकलात तर निदान थोडासाच वाटेन. साखर पुरेशी आहे ना चहात?

तर, गाढवपणा माझाच. पण साधासुधा नव्हे हं! सात पानी टिपण, त्यावर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या आणि वर एक बैठक, एवढ्या इतमामानं केलेला गाढवपणा. असा गाढवपणा करायलाही सरकारी नोकरीत चौदा वर्षं घालवावी लागतात.

तेव्हा दिल्ली झपाट्यानं बदलत होती. पलीकडे नोएडात काचेच्या इमारती उगवत होत्या, आमच्या मयूर विहारच्या बसस्टॉपसमोर पिझ्झाचं दुकान आलं होतं, आणि ज्याच्या त्याच्या कमरेला मोबाईल लटकायला लागला होता. आमच्या मंत्रालयात मात्र अजून फायलींना नाडाच बांधायचे. अशा त्या मंत्रालयात एक दिवस फर्मान निघालं, की देशभर फिरणाऱ्या आपल्या सगळ्या निरीक्षकांना पामटॉप द्यायचे. पण आधी दोनच मागवून, वापरून बघायचे.

पामटॉप म्हणजे तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटर हो. आत्ताच्या मोबाईलचा थोरला चुलतभाऊ समजा. त्याला कळफलक नव्हता. सोबत एक प्लॅस्टिकची काडी यायची. त्या काडीनं खालच्या चौकटीत अक्षर काढायचं, की ते वर पडद्यावर छापल्यासारखं उमटायचं. जादूच!

दोन पामटॉप आले. एक गेला आमच्या डायरेक्टरांकडे, भटनागर साहेबांकडे. आणि दुसरा?

दुसरा मला! सेक्शन ऑफिसर अरविंद पित्रे, मूळ गाव चिपळूण!

भटनागर साहेब सगळ्या सेक्शनसमोर म्हणाले, "पित्रे जी, पूरे भवन में आपसे सुंदर हैंडरायटिंग किसी की नहीं. ये मशीन हाथ का लिखा पढती है. आपका नहीं पढेगी तो किसका पढेगी?"

आता यावर छाती फुगणार नाही तर काय होणार? आणि खोटं नव्हतं ते. शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस मी सलग तीन वर्षं घेतलंय. मी डावखुरा. गुरुजींनी उजव्या हातानं लिहायला लावण्यासाठी बऱ्याच छड्या खर्ची घातल्या, आणि शेवटी म्हणाले, "पित्र्या, लिही बाबा कुठल्याही हातानं. तुझ्या शिरोरेघा पट्टीनं आखल्यासारख्या येतात, तुला काय बोलणार?" दिल्लीत आल्यावर मंत्रालयातली टिपणं बहुतेक हिंदीत. म्हणजे दिवसभर देवनागरीच. तेव्हा हात आणखी बसत गेला.

पहिल्याच संध्याकाळी पामटॉप घरी आणला. सुनंदाला समोर बसवलं. शर्टाच्या बाह्या सरसावल्या. काडी हातात घेतली आणि ऐटीत, न बघता, इंग्रजीत माझं आडनाव लिहिलं. पी, आय, टी, आर, ई. लिहून झाल्यावर पडदा तिच्यापुढे धरला.

तिनं वाचलं, "पितर."

"काय?"

"पी आय टी आर. पितर. अहो, पितृपक्षाला अजून अवकाश आहे!"

मी बघितलं. शेवटचा 'ई' गायब! म्हटलं, घाईत राहिला असेल. तिचं नाव लिहिलं, सुनंदा. पडद्यावर उमटलं, सुनंद.

"अच्छा, म्हणजे तुम्ही गेलात पितरांत आणि मी झाले पुरुष," सुनंदा म्हणाली. "बिल्कुल कामाचं यंत्र आहे."

मग मी शर्मा लिहिलं, त्याचं झालं 'शर्म'. गुप्ता लिहिलं, ते 'गुप्त' झालं. दिल्लीत राहून शर्मा आणि गुप्ता ही दोन नावं ज्याला लिहिता येत नाहीत, त्यानं जगावं कसं?

"त्या खोक्यात एक पुस्तक आहे बघा," सुनंदा म्हणाली. "वाचा की ते."

ते मॅन्युअल होतं. पण मी पडलो सरकारी अधिकारी! आम्ही नियमावल्या लिहितो, वाचत नाही. "यंत्रातच दोष आहे," मी निकाल दिला आणि झोपलो.

इथेच थांबलो असतो तर किस्सा झालाच नसता. पण मग होळी आली.

मयूर विहारात आमचं छोटंसं मराठी मंडळ होतं. होळीच्या जेवणाची जबाबदारी माझ्याकडे होती. पुरणपोळ्या करून द्यायच्या जोशीकाकू. त्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहायच्या, आम्हीही पूर्वी तिथेच होतो, त्यामुळे ओळख घरच्यासारखी. किती माणसं येणार तो आकडा मला फोनवर कळला होता, एकशेवीस. मी तो मोठ्या अभिमानानं पामटॉपमध्ये टिपून ठेवला. चार दिवसांनी ऑफिसातून काकूंना फोन लावला. समोर भटनागर साहेब उभे. त्यांच्यासमोर खिशातून पामटॉप काढून आकडा बघायचा, ही संधी कोण सोडेल?

पडद्यावर होतं, बारा.

"काकू, बारा पुरणपोळ्या."

"अरे अरविंद, बाराच? मंडळाच्या जेवणाला?"

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी ट्यूब पेटायला हवी होती. पण माझा हिशेब असा, की अक्षरांत यंत्र चुकेल एखाद्या वेळी, पण कॉम्प्युटर म्हणजे मुळात आकड्यांचंच यंत्र! ते आकड्यात कसं चुकेल?

"काकू, कॉम्प्युटरमध्ये तसंच आहे," मी साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. "पथ्यपाण्याचे लोक वाढलेत हल्ली."

होळीच्या दिवशी एकशेवीस माणसं जेवायला बसली आणि समोर बारा पुरणपोळ्या! सुनंदानं सुरी घेतली आणि प्रत्येक पोळीचे दहा-दहा तुकडे केले. मी ताट घेऊन पंगतीतून फिरत होतो, "प्रसाद आहे, प्रसाद आहे," म्हणत. एक आजोबा तुकडा बोटात धरून उजेडाकडे बघत म्हणाले, "पित्रे, यातून पलीकडचं दिसतंय."

त्या दिवशी मी ठरवलं, की आता हे यंत्र एक तर बदलून घ्यायचं, नाही तर त्याच्या वरचं मॉडेल घ्यायचं. पण आहे हे चालवायचं नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ते यंत्र सुधारलं! विश्वास बसत नाही ना? माझाही बसला नव्हता.

आमच्या वरच्या मजल्यावर बन्सलजी राहायचे. आम्ही दोघं रोज एकाच चार्टर्ड बसनं ऑफिसला जायचो. त्या दिवशी बस भरलेली, आम्ही दोघंही उभे. यमुनेच्या पुलावर बस अशी उसळत होती, की दोन धक्क्यांच्या मधे एक अक्षर कसंबसं उरकायचं आणि काडी उचलायची. गंमत म्हणून मी लिहिलं, बन्सल.

पडद्यावर आलं, बन्सल. पूर्ण! शेवटच्या अक्षरासकट!

शर्मा लिहिलं. शर्मा आले! गुप्ता लिहिलं, गुप्ता आले!

बन्सलजी वाकून बघत होते. म्हणाले, "भाई साब, आपकी मशीन को हिलना पसंद है."

ऑफिसात पोचलो, खुर्चीत नीट बसलो, शांतपणे लिहिलं. पुन्हा 'शर्म'. उठलो, कॉरिडॉरमध्ये गेलो, झपझप चालता चालता लिहिलं. 'शर्मा'! पुन्हा बसलो, 'शर्म'. पुन्हा चाललो, 'शर्मा'. मी अकरा वेळा प्रयोग केला. वैज्ञानिक वृत्ती म्हणजे आणखी काय असतं?

दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर बातमी पसरली. मी कॉरिडॉरच्या या टोकाकडून त्या टोकाला पामटॉपवर लिहीत चाललोय, मागे चार-पाच जण बघायला. शिपाई फायलींची गाडी बाजूला घेऊन वाट करून देतोय. भटनागर साहेब केबिनमधून बाहेर आले.

"पित्रे जी, ये क्या चल रहा है?"

"सर, टेस्टिंग. बैठे रहो तो खराब, चलते रहो तो ठीक."

"अच्छा?" साहेब गंभीरपणे म्हणाले, "हां, हां. मेरे वाले में भी यही है. सेम प्रॉब्लेम."

झालं! दोन यंत्रं, दोघांतही तोच दोष. आता हा पित्र्याचा प्रश्न राहिला नव्हता, मंत्रालयाचा झाला होता.

पामटॉप पुरवणाऱ्या कंपनीचे चड्ढा नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून आले. मी त्यांना बसून लिहून दाखवलं, चालून लिहून दाखवलं. त्यांनी यंत्र कानाशी धरून हलवलं, वास घेतल्यासारखं नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "सर, लूज कॉन्टॅक्ट. हिलने से जुडता है, रुकने से टूटता है."

"फिर रिपेअर?"

"रिपेअर में क्या रखा है सर? रिप्लेस करा लो, तो यही मॉडेल मिलेगा, यही बीमारी मिलेगी. मेरी मानो, अपग्रेड करो. नया मॉडेल आया है." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कलर स्क्रीन."

कलर स्क्रीन! अहो, आमच्या घरी रंगीत टीव्ही आला तेव्हा मी चाळिशीच्या उंबरठ्यावर होतो. आणि आता रंगीत पडदा खिशात? माझं मन तिथेच विरघळलं.

पण मी नियमानं चालणारा माणूस. दुरुस्ती, बदली की अपग्रेड, तिन्ही पर्यायांचा साधकबाधक विचार करून सात पानी टिपण लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. 'उपकरण स्थिर अवस्था में सदोष तथा गतिशील अवस्था में निर्दोष पाया गया.' काय वाक्य आहे! असं वाक्य लिहायला भाषेवर हुकमत लागते. शेवटी शिफारस केली, की दोन्ही पामटॉप मोडीत काढावेत आणि देशभरच्या निरीक्षकांसाठी सरसकट नवीन मॉडेलच घ्यावं. भटनागर साहेबांनी खाली 'पूर्णतः सहमत' लिहून सही ठोकली.

सुनंदाला घरी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान लिहिलंय. ते पुस्तक वाचलंत का पण?"

"अगं, टिपणाला जोडलंय ते, परिशिष्ट म्हणून! मिसेस थॉमसना टाइप करायला दिलीत त्यातली पानं."

"पण वाचलंत का?"

बायकांना ऑफिसचं काम कळत नाही, असं मी तेव्हा म्हणालो. हे वाक्य मी आता मागे घेतलंय. लेखी.

मिसेस थॉमस म्हणजे आमच्या सेक्शनच्या स्टेनो. मूळच्या कोट्टायमच्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, कडक इस्त्रीची साडी, आणि टायपिंगमध्ये चूक म्हणजे काय ते ठाऊक नाही. माझे सगळे मसुदे, हिंदी असोत की इंग्रजी, अकरा वर्षं त्याच टाइप करत होत्या.

बैठकीचा दिवस उजाडला. दुपारी तीनला, जॉइंट सेक्रेटरी मॅडमसमोर. मॅडम म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव. त्यांच्यासमोर प्रात्यक्षिक दाखवायचं होतं, म्हणून पावणेतीनला मी जागेवर बसून सराव करत होतो. मिसेस थॉमस टाइप केलेलं परिशिष्ट घेऊन आल्या आणि माझ्या खांद्यामागे उभ्या राहिल्या.

मी लिहिलं, पित्रे. उमटलं, पितर.

"देखा, मिसेस थॉमस? आखिर का अक्षर खा जाती है."

त्या म्हणाल्या, "सर, एक बार और लिखिए."

लिहिलं.

"सर, ये लास्ट में आपने क्या किया?"

"क्या किया? नाम लिखा."

"नाम के बाद, सर. ऊपर. ये छत क्यों डाला?"

"कौनसी छत?"

त्यांनी माझ्या हातातून काडी घेतली आणि हवेत एक आडवी रेघ ओढली. उजवीकडून डावीकडे, आम्हा डावखुऱ्यांची असते तशी. "ये. आप इंग्लिश लिखता है, फिर उसके ऊपर हिंदी का लाइन डालता है."

मी हसलो. म्हटलं, काहीतरीच! इंग्रजीला कोणी शिरोरेघ देतं का?

मिसेस थॉमसनी परिशिष्ट माझ्यापुढे ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. माझ्याच टिपणाचं परिशिष्ट, मीच टाइप करायला दिलेलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, की चौकटीत उजवीकडून डावीकडे आडवी रेघ ओढली असता शेवटचं अक्षर पुसलं जाईल.

मी ती ओळ दोनदा वाचली.

मी उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरलं. पी. आय. टी. आर. ई. हात रेघ ओढायला उसळला. खरंच उसळला हो, कुत्र्यानं साखळीला हिसका द्यावा तसा! मी तो दाबून ठेवला. पडद्यावर बघितलं.

पित्रे. पूर्ण पित्रे. टेबलाशी, खुर्चीत, अगदी 'स्थिर अवस्था में'.

म्हणजे पुरणपोळ्या मीच खाल्ल्या होत्या. एकशेवीसवर रेघ, की शून्य गायब. बसमध्ये धक्क्यांमुळे रेघ ओढायला फुरसत मिळायची नाही, चालताना तेच. लूज कॉन्टॅक्ट होता, पण तो यंत्राच्या बाहेर होता.

"लेकिन आकडों पर तो शिरोरेखा होती ही नहीं!" मी शेवटचा प्रयत्न केला.

"सर, आप टेलिफोन नंबर पे भी छत डालता है," मिसेस थॉमस शांतपणे म्हणाल्या. त्यांनी कपाटातून माझ्या जुन्या मसुद्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. इंग्रजी मसुदे. एकेका शब्दावर सरळ, सुंदर, पट्टीनं आखल्यासारखी रेघ! पानामागून पान. जणू इंग्रजी शब्द दोरीवर वाळत घातलेत.

"ग्यारह साल से मैं छत उतार के टाइप करता है, सर."

"अहो, फिर कभी बोला क्यों नहीं?"

"मैंने सोचा, महाराष्ट्र में इंग्लिश ऐसे ही लिखते होंगे."

सबंध महाराष्ट्राची अब्रू मी एकट्यानं अकरा वर्षं दोरीवर वाळत घातली होती.

घड्याळात तीनला सात मिनिटं होती. मी धावत भटनागर साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"पित्रे जी, किसी और को पता है?"

"सिर्फ मिसेस थॉमस को."

"तो चुप बैठिए. चलते-चलते लिख के दिखा दीजिए, बैठ के लिख के दिखा दीजिए, मीटिंग खतम. नया मॉडेल आ जाएगा, चड्ढा खुश, आप खुश. मेरे भी साइन हैं उस पर."

खरं सांगतो, मोह झाला. खोटं कशाला बोलू? नुसतं नेहमीसारखं लिहून दाखवायचं होतं. मला खोटं बोलावंही लागणार नव्हतं, हात आपोआप बोलला असता. माझी फजिती झाकली जाणार, आणि वर कलर स्क्रीन!

पण जिना चढताना डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माझ्या एका रेघेपायी चांगली यंत्रं भंगारात जाणार आणि देशभर नवीन येणार. आणि त्या नव्यांवरही मी रेघ ओढणारच! तेव्हा काय लिहायचं? 'रंगीत अवस्था में भी सदोष'?

बैठक सुरू झाली. चड्ढा नवीन मॉडेल समोर ठेवून हसत बसले होते. मॅडमनी टिपण चाळलं, चष्मा वर केला.

"तो पित्रे जी, रिप्लेस या अपग्रेड?"

मी उभा राहिलो. "मॅडम, दोनों में से कोई नहीं. मशीन ठीक है. खराबी मेरे हाथ में है. मैं अपना नोट वापस लेता हूं."

भटनागर साहेब छताकडे बघायला लागले. मी पामटॉप काढला आणि सगळ्यांसमोर दोनदा नाव लिहिलं, एकदा छतासकट आणि एकदा छताशिवाय. मग पुरणपोळ्यांसकट सगळं सांगून टाकलं. चड्ढांनी हळूच नवीन मॉडेल बॅगेत घातलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्या भटनागर साहेबांकडे वळल्या. "और आपका? आपने लिखा है, पूर्णतः सहमत. आप भी छत डालते हैं?"

"मॅडम, वो... एक्चुअली..."

साहेबांचं यंत्र मागवलं गेलं. ते आलं खोक्यासकट. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती!

मॅडमनी एवढंच म्हटलं, "पित्रे जी, बैठिए. थँक यू." पण ते थँक यू असं होतं, की मी बसलो तेव्हा दोन इंच उंच झालो होतो. चूक केली होती, पण भर बैठकीत, स्वतःच्या तोंडानं, ताठ मानेनं कबूल केली होती. चिपळूणला वडिलांना हे कळलं असतं, तर त्यांनीही मान डोलावली असती.

आणि आठवड्याभरात त्याचं फळ मिळालं!

संध्याकाळी घरी निघता निघता मिसेस थॉमसनी एक आदेश हातात ठेवला. मी पहिल्या चार ओळी वाचल्या आणि बससाठी पळालो. 'श्री अरविंद पित्रे, अनुभाग अधिकारी, को नोएडा में दो सप्ताह के विशेष कंप्यूटर प्रशिक्षण हेतु नामित किया जाता है.' विशेष! नामित! सबंध मंत्रालयातून एकच नाव, माझं!

बसमध्ये बन्सलजींना सांगितलं. "मॅडम ने मेरी ईमानदारी देखी," मी म्हणालो. बन्सलजींनी ते पुढच्या सीटला सांगितलं, पुढच्या सीटनं ड्रायव्हरला. मयूर विहार येईपर्यंत अख्खी बस माझं अभिनंदन करत होती. उतरल्या उतरल्या मी दोन खोकी पेढे घेतले. अर्ध्या तासात आमच्या बैठकीच्या खोलीत सगळी बिल्डिंग जमली. मी छोटंसं भाषणही केलं. म्हटलं, आजच्या जमान्यात खरं बोलणाऱ्याची कदर होते, हे मुलांना सांगत चला.

टाळ्या पडल्या. सुनंदाचेही डोळे भरून आले होते. तिनं हात पुढे केला. "बघू तरी मला."

मी मोठ्या थाटात आदेश तिच्या हातात दिला. तिनं पहिलं पान वाचलं, मान हलवली. आणि मग तिनं पान उलटलं.

अहो, मागे आणखी एक पान होतं!

"जोर से पढिए ना, भाभी," कोणीतरी म्हणालं. सुनंदानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मोठ्यानं वाचलं. मॅडमचा शेरा होता.

"'उपकरण की जांच की गई. उपकरण पूर्णतः ठीक है. उसे न मरम्मत की आवश्यकता है, न बदलने की, न अपग्रेड करने की. अतः अधिकारी को अपग्रेड किया जाए.'"

खोलीत एवढी शांतता पसरली, की कोणीतरी पेढा चावल्याचा आवाज आला.

बन्सलजींनी दुसरा पेढा उचलला. "पित्रे साब, बधाई तो फिर भी बनती है. पूरी मिनिस्ट्री में एक ही चीज खराब निकली, और वो भी ठीक हो रही है." मग सुनंदाकडे वळून म्हणाले, "भाभी जी, आपने रिप्लेसमेंट नहीं मांगा?"

"कहां से मांगूं, भाई साहब?" सुनंदा म्हणाली. "वारंटी तो शादी के अगले साल ही खतम हो गई थी. और ये मॉडेल अब बनता भी नहीं."

सगळी खोली हसून हसून लोळली. मीही हसलो, काय करणार? खोकं पुढे करून उरलेले पेढे वाटले.

पण हसणाऱ्यांना हसू द्या. एक गोष्ट त्यांच्यापैकी कोणालाही नाकारता यायची नाही. एवढं मोठं मंत्रालय, एवढे अधिकारी, आणि निवड झाली ती माझी एकट्याची!